रजेवर असलेल्या कामगाराचाही ‘नॉर्मल’ रिपोर्ट आला

माझं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायचा कारखाना, पटावर 146 कामगार. फेब्रुवारी 2025 मध्ये सगळ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी एका एजन्सीकडून करून घेतली. माणशी 850 प्रमाणे 1,24,100 रुपये दिले. त्यातले 74,460 आगाऊ, उरलेले 49,640 रिपोर्ट हातात पडल्यावर, त्याच दिवशी. पैशांचा राग आहेच. पण 146 खोट्या कागदांवर व्यवस्थापनातर्फे माझी सही आहे, ही शरम जास्त जाळते.

एजन्सी मी रस्त्यावरून उचलली नव्हती. वसाहतीतल्या दोन कारखानदारांनी नंबर दिला होता. लेटरहेडवर एएफआयएच, म्हणजे कारखान्यातल्या आरोग्याचा अभ्यासक्रम, केलेल्या डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, शिक्का, सगळं होतं. मी डॉक्टर नाही, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, कसा वाचतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही सही केली असती. आज एवढं सांगतो, तो नोंदणी क्रमांक स्वतः तपासा आणि त्या डॉक्टरांशी स्वतः बोला, एजन्सीने दिलेल्या मोबाइलवर नव्हे. मी बोललो तेव्हा फार उशीर झाला होता. ते म्हणाले, “मी त्यांचं काम सोडून दीड वर्ष झालं. ही सही माझी नाही.” सही स्कॅन करून चिकटवलेली होती.

पहिल्या भेटीतच त्यांचा माणूस म्हणाला होता, “साहेब, कुणी अनफिट येणार नाही, ती जबाबदारी आमची.” मला ते वाक्य बरं वाटलं. ऑर्डर डोक्यावर होत्या, माणसं कमी पडत होती. तपासणीआधी निकालाची हमी देणारा माणूस तपासणी करणारच नाही, हे तेव्हा कळायला हवं होतं. जो डॉक्टर मालकाला खूश ठेवायला येतो तो कामगाराच्या काय, मालकाच्याही कामाचा नाही.

आणि तो दिवस. सकाळी नऊला व्हॅन आली, साडेतीनला निघून गेली. मध्ये अर्धा तास जेवण. म्हणजे 360 मिनिटं. त्या दिवशी 139 जण कामावर होते. माणशी तीन मिनिटंही येत नाहीत, त्यात रक्तदाब, डोळे, फुप्फुसं, कान, सगळं. कानांची तपासणी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत चालली होती आणि भिंतीपलीकडे 100 टनी प्रेस सुरू होता. मी दारात उभा होतो. हेडफोन लावलेला माझा ऑपरेटर गोंधळून इकडेतिकडे बघत होता, दर ठोक्याला टेबलावरचा ग्लास हलत होता. माझ्या मनात आलं, या गोंगाटात याला हेडफोनमधली ती तपासणीची बारीक शिट्टी ऐकू कशी येणार? नेमका फोन वाजला, ट्रक गेटवर अडला होता, मी निघून गेलो. परत आलो नाही. त्या दाराशी मी अजून पाच मिनिटं थांबलो असतो तर तिथेच सगळं थांबवलं असतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला 1,24,100 आठवत नाहीत, तो हलणारा ग्लास आठवतो.

रिपोर्ट 146 आले. तपासलेले 139, रिपोर्ट 146! रजेवरच्या सातही जणांचा रक्तदाब 120/80. त्यातला एक मुलीच्या लग्नाला गावी गेला होता, त्याच्या फुप्फुसांचा आलेखसुद्धा जोडलेला. आणखी एकाचा डावा कान लहानपणापासून बंद आहे, सगळा कारखाना त्याच्याशी उजव्या बाजूने बोलतो. त्याचे दोन्ही कान नॉर्मल. तोच कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “साहेब, हे तुम्ही लिहायला सांगितलं का?” मी नाही म्हणालो. त्याला ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं.

पोलीस ठाण्यात गेलो. “हा दिवाणी मामला आहे, वकील करा.” मी म्हटलं, खोटी सही दिवाणी कशी? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, 336 बनावट कागदांचं. उत्तर मिळालं, अर्ज देऊन जा. चार फेऱ्या झाल्या, दर वेळी वेगळे साहेब, पहिल्यापासून गोष्ट सांगायची. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या कार्यालयात गेलो तर तिथे एजन्सीबद्दल एक शब्द नाही, उलट मलाच कारणे दाखवा नोटीस. तक्रार करायला गेलेला मी, आरोपी मी! नोंदी बरोबर ठेवणं माझं काम आहे, मान्य. पण त्याच एजन्सीची व्हॅन दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या कारखान्यात उभी होती, ती कुणीच अडवली नाही. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडून उत्तर आलं की एजन्सी त्यांच्या कक्षेत येत नाही, सही ज्यांच्या नावाची त्या डॉक्टरांनी तक्रार करावी. त्या डॉक्टरांना भानगड नको आहे. मग मी फक्त पोचपावत्या जमवायच्या का? पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद नाही मिळाली तर दंडाधिकारी. मी आता तिथवर पोचलोय.

पुन्हा तपासणी केली, दुसऱ्या डॉक्टरांकडून. माणशी 1,400. पहिल्याच भेटीत त्या बाईंनी मला अटी घातल्या. कामगार पाळीवर चढण्याआधी, 14 तास तरी आवाजापासून लांब राहिल्यावरच कान तपासणार, तेही बंद बूथमध्ये. फुप्फुसांसाठी प्रत्येकाला यंत्रात किमान तीनदा नीट फुंकायला लावणार. कुणाला साखर आहे, कुणाला काय, ते मला सांगणार नाहीत. मला फक्त कोण कुठल्या कामाला योग्य, एवढंच कळेल. मला आधी राग आला, पैसे मी देतोय ना? आधीच्या एजन्सीने 146 जणांचे आजार एका एक्सेल फाइलमध्ये व्हॉट्सॲपवर पाठवले होते आणि मी त्याला सेवा समजलो होतो. कामगार या बाईंशी खरं बोलतात, ते या अटींमुळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1985 च्या 161 क्रमांकाच्या करारातही लिहिलंय, कामगारांच्या आरोग्यसेवेतली माणसं मालकापासून आणि कामगारांपासूनही व्यावसायिकदृष्ट्या पूर्ण स्वतंत्र हवीत.

सहा दिवस लागले. 19 जणांच्या कानांच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या बारीक आवाजाला खड्डा निघाला, आवाजाने कान जायला लागल्याची ती खूण. आवाजाने येणारा बहिरेपणा तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत होता. त्याच्या कलम 89 प्रमाणे तो कळवायची जबाबदारी व्यवस्थापकावर होती आणि डॉक्टरवरही. आधीच्या कागदांवर हे 19 जण नॉर्मल होते आणि मी त्यांना त्याच मशीनवर ठेवलं होतं.

दुसऱ्या वेळी 141 जण आले, 1,97,400 रुपये झाले. उरलेले पाच जण येत नाहीत. कंपनीचा डॉक्टर कंपनीचंच बोलणार, असं त्यांचं म्हणणं. मी तीनदा समजावलं, बाईंनीही समजावलं. त्या पाचांतला एक 19 वर्षं त्या 100 टनी प्रेसवर आहे.