दात ते ताद: नवी जर्मॅनिक भाषा घडवायला विक्शनरी कितपत कामाची?

विक्शनरी हा कोणालाही लिहिता येणारा ऑनलाइन शब्दकोश. त्याच्या इंग्रजी आवृत्तीतली आदिजर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन, डच यांची मूळ भाषा) शब्दांची पानं फुकट आहेत. कल्पित जर्मॅनिक भाषेसाठी नाम घडवायचं तर सुरुवात तिथूनच करावी. इंग्रजी-जर्मनची सरमिसळ करून बनवलेला शब्द जाणकाराच्या लगेच लक्षात येतो.

'दात' घेऊन बघा. 'टूथ'च्या पानावर, व्युत्पत्तीत, तारांकित 'तन्थ्स' सापडेल. तारा म्हणजे लिखित पुरावा नाही, तुलनेतून बांधलेलं रूप. त्यावर टिचकी मारली की रूपावली आणि वंशज शब्द उघडतात: डच टांड, जर्मन त्सान वगैरे. संस्कृत 'दन्त'ही याच कुळातला. द चा त आणि त चा थ, हा जर्मन भाषाभ्यासक ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला नियम. हा थ दातांतून घासत निघतो, आपल्या 'थंडी'तला नव्हे.

आता आपल्या कल्पित भाषेसाठी ठरवलेले ध्वनिबदलाचे नियम लावा. शेवटचा स काढा. घासऱ्या थ आधीचा न गाळून स्वर लांबवा, 'ताथ' मिळेल. मग थ चा द करा: 'ताद'. आधीच थ चा द केला तर न गाळायला कारणच उरत नाही आणि 'तन्द' हाती येतं. बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून नियमांना क्रमांक द्याच. न जाऊन स्वर लांबणं आपल्याला नवं नाही. 'दन्त'चा 'दात' तसाच झाला, आणि 1962 च्या लेखननियमांआधी त्या न ची खूण म्हणून 'दांत' लिहीत.

अनेकवचन वेगळं काढावं लागतं. 'तन्थ्स'चं अनेकवचन 'तन्थिझ'; त्यातल्या इ ने आधीचा स्वर तोंडात पुढे ओढला, म्हणून टूथचं टीथ. आपल्या भाषेत ताद, तेद.

वंशजांच्या यादीत बाण दिसला तर तो शब्द उसना समजा. मराठवाड्यात हा फरक पटकन कळतो: 'दाताचा दवाखाना' म्हणताना दात वारशाने आलेला, दवाखाना फारसीतून. जर्मन प्फेर्ड आणि डच पार्ड हे घोड्याचे शब्द अस्सल वाटतात, पण आले उत्तरकालीन लॅटिनमधून. घरचा शब्द 'ह्रुस्स', त्याचंच इंग्रजीत हॉर्स झालं.

पानं स्वयंसेवक लिहितात, कोणीही बदलू शकतं. तळाशी संदर्भ नसलेलं रूप पक्कं धरू नये. आणि तुमच्या भाषेत कुठला ध्वनिबदल आधी, कुठला नंतर, हे कोणतंच पान सांगणार नाही. तो तक्ता स्वतःच्या वहीत हवा.