वावरातील घर हलवताना: एकच ट्रक की ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या खेपा?

यवतमाळ जिल्ह्यातील वावरातले घर आवरून तालुक्याच्या गावी जायचे ठरले, की ट्रक करावा की घरच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने खेपा माराव्यात, हा प्रश्न उभा राहतो.

ट्रॉली स्वस्त वाटते, कारण आपण फक्त डिझेल मोजतो. परंतु रिकामे परतणे, प्रत्येक खेपेचे हमाल, त्यांचे जेवण आणि बुडालेला कामाचा दिवस वहीत मांडला, की चार खेपांनंतर ट्रकच्या भाड्याशी असलेला फरक बराच कमी होतो. शिवाय शेतीसाठी घेतलेल्या ट्रॉलीचा विमा घरसामानाच्या वाहतुकीला लागू पडेल का, हे आधी विचारून घ्यावे.

ट्रकवाला एकच रक्कम सांगतो, म्हणून अंदाजपत्रक सोपे होते. अडचण पांदणीची, म्हणजे वावरातून सडकेला जाणाऱ्या कच्च्या वाटेची असते. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत चाक रुतते आणि सामान बंडीने (बैलगाडीने) सडकेपर्यंत आणावे लागते. तो खर्च भाड्यात नसतो. आमच्याकडे धान्याची पत्र्याची कोठी दारातून निघेना, तेव्हा चौकट काढावी लागली, त्यासाठी सुताराची मजुरी वेगळी द्यावी लागली.

कुटार (मळणीनंतरचा भुसा), पराट्या (कापसाची वाळलेली झाडे), जुने फवारणी पंप न नेता गावातच विकावेत. मग अंतर पंधरा-वीस किलोमीटरच्या आत असेल तर ट्रॉली, त्यापुढे ट्रक, असे माझे मत आहे. दोन्ही पर्यायांत कापूस वेचणी आटोपल्यानंतर, परंतु मे महिन्याच्या उन्हाआधी निघावे. मुलांच्या परीक्षा आड येत असतील, तर घरातले एक माणूस मागे ठेवावे.