बॅटरी चांगली होती, तरी दोन बॅटऱ्या गळ्यात मारल्या

नव्या गाडीची बॅटरी सारखी उतरत असेल आणि कुणी "बॅटरीच खराब आहे, बदला" म्हणालं, तर पैसे काढण्याआधी एक आकडा मागा. गाडी लॉक करून सगळी मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) झोपल्यावर बॅटरीतून किती मिलीअ‍ॅम्पिअर करंट जातो? हा आकडा न मोजता जो बॅटरी विकतो तो एक तर अडाणी आहे, नाहीतर चोर. माझ्याकडून डीलरच्या वर्कशॉपने दोन बॅटऱ्यांचे पूर्ण पैसे घेतले, दोन्ही वेळा 'कोडिंग'चे वेगळे लावले, टोइंगचे वेगळेच. खरा दोष होता ४१० मिलीअ‍ॅम्पिअरचा, आणि तो गाडीच्या वॉरंटीत फुकट निघायला हवा होता.

हिशोब साधा आहे. सगळं झोपलेल्या गाडीत ५० मिलीअ‍ॅम्पिअरपर्यंत करंट जाणं ठीक मानतात. म्हणजे दिवसाला १.२ अ‍ॅम्पिअर-अवर. ६० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी निम्मी व्हायला २५ दिवस लागतात. करंट ४१० असेल तर दिवसाला जवळजवळ १० अ‍ॅम्पिअर-अवर जातात आणि तीच बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते. चौथ्या-पाचव्या दिवशी सेल्फ कण्हतो, मग नुसता टकटक आवाज येतो. अशा गाडीत कितीही नवी बॅटरी घाला, ती उतरणारच. हे वर्कशॉपमधल्या माणसाला माहीत नसतं यावर माझा विश्वास नाही.

पहिली फसवणूक छापील पावतीवरच होती, म्हणून जास्त संताप येतो. टेस्टर लावला, पावती निघाली. व्होल्टेज १२.०८. खाली निकाल: 'चार्ज करून पुन्हा तपासा'. ही एकच ओळ वाचायची होती. १२.०८ म्हणजे बॅटरी पंचवीस-तीस टक्क्यांवर आलेली. अशा अवस्थेत टेस्टर बॅटरी खात्रीने बाद ठरवू शकत नाही, म्हणून तर यंत्राने स्वतः तसं छापलं होतं. तोंडाने मात्र सांगितलं गेलं, "मशीनच सांगतंय, गेली." गिऱ्हाईक काउंटरवर गाडी अडकवून उभं असतं, समोरचा गणवेशातला माणूस यंत्राकडे बोट दाखवतो, पावती तोच हातात धरून असतो. तिथे कुणीही विश्वास ठेवेल. वाचून दाखवणं हे पावती काढणाऱ्याचं काम होतं.

वर्कशॉपने काढलेली बॅटरी एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेली, सीलबंद) होती. घातली ती साधी, पाण्याची. सिग्नलला आपोआप इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाडीला एजीएम नाहीतर किमान ईएफबी (जास्त टिकाऊ केलेली पाण्याची बॅटरी) लागते. साधी बॅटरी तो भार काही महिनेच झेलते. लेबलवर 'एजीएम' किंवा 'व्हीआरएलए' (सीलबंद बॅटरीचं नाव) लिहिलेलं शोधा. बिलावर नुसतं '६० एएच बॅटरी' लिहिलं असेल तर प्रकार लिहून घ्या. वर हिरवा डोळा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, तो सहांपैकी एकाच सेलचं सांगतो.

दुसऱ्या वेळची लबाडी आणखी मुरलेली. या वेळी बॅटरी नीट चार्ज करून तपासली, १२.६२ व्होल्ट, आणि निकाल आला 'बदला'. लेबलवर होतं ५४० ईएन. यंत्रात भरलं होतं ५४० डीआयएन. दोन्ही कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्पिअरच (थंडीत सेल्फ मारायला बॅटरी किती करंट देते तो आकडा), पण मोजायची मानकं वेगळी. एकाच बॅटरीचा डीआयएन आकडा ईएनच्या साधारण ०.६ पट येतो. पावतीवर मोजलेला आकडा होता ३३० डीआयएन, म्हणजे अंदाजे ५५० ईएन. लेबलपेक्षा जास्त! निरोगी बॅटरी चुकीचं मानक भरून नापास केली आणि मग "आता एजीएमच घ्या" म्हणून आधीपेक्षा महाग बॅटरी विकली. जी आधी काढली होती तीच जात. जुनी बॅटरी तिथेच ठेवून घेतली, पुरावाही गेला. जुनी बॅटरी सोडू नका. शिसं असतं, भंगारातही किंमत येते. आणि बॅटरीवरच्या कोडसह फोटो आधी काढा.

'कोडिंग' म्हणजे नवी बॅटरी बसवल्याचं गाडीच्या चार्जिंग व्यवस्थेला कळवणं. सगळ्या गाड्यांना लागत नाही. ज्यांना लागतं त्यांतल्या काहींत ते कधी केलं याची नोंद स्कॅनरवर दिसते. माझ्या गाडीत एकही नोंद नाही. पैसे दोनदा.

शेवटी बाहेरच्या वायरमनने दोष शोधला. पद्धत कुणालाही करता येते. बॉनेट आणि दार उघडं ठेवून त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने लॅच करायची, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटतं. किल्ली लांब ठेवायची, नाहीतर कीलेस गाडी जागीच राहते. मल्टीमीटर १० अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये, निगेटिव्ह केबल आणि बॅटरीच्या मध्ये, सिरीजमध्ये. लावताना केबल एकदाही सुटू द्यायची नाही, नाहीतर सगळी मॉड्यूल पुन्हा जागी होतात. मग थांबायचं, अर्धा तास ते तासभर. पाच मिनिटांत घेतलेलं रीडिंग फेकून द्या. आणि मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.

आकडा जास्त आला तर फ्यूज उपटत बसू नका, उपटून परत लावताना मॉड्यूल जागं होतं. फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. १० अ‍ॅम्पिअरच्या मिनी फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट दिसले तर त्यातून साधारण ४०० मिलीअ‍ॅम्पिअर जातायत. माझ्या गाडीत तो फ्यूज म्युझिक सिस्टीम आणि टेलिमॅटिक्सचा (गाडीला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या यंत्रणेचा) निघाला. मॉड्यूल झोपतच नव्हतं. सॉफ्टवेअर अपडेटनंतर करंट ३० वर आला.

इतर ठिकाणी डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडीला (स्कॅनर लावायच्या सॉकेटला) कायमचं खुपसलेलं यंत्र, डिकीच्या कुलपाचा स्विच किंवा चिकटलेला रिले निघतो. अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) डायोडही असू शकतो: इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर संशय घ्या. पण "चार्जिंग १२.८ येतंय, अल्टरनेटर गेला" असं नुसत्या एका रीडिंगवर कुणी म्हणालं तर बळी पडू नका. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारं सगळं लावून मग बघा.

माझ्या गाडीतलं न झोपणारं मॉड्यूल वॉरंटीत होतं. ते दुरुस्त केलं असतं तर गिऱ्हाईकाला बिल लावता आलं नसतं. बॅटरीचं बिल लावता येतं. दोन्ही वेळा बॅटरीच का 'खराब' निघाली, त्याचं उत्तर मला तरी यातच दिसतं.

तक्रार केल्यावर जे झालं ते मूळ चोरीपेक्षा संतापजनक. बॅटरी कंपनीने लेखी दिलं: बॅटरीत उत्पादनदोष नाही, ती डिस्चार्ज झाली आहे, गाडी तपासून घ्या. वर्कशॉपने लेखी दिलं: गाडीत दोष नाही, बॅटरी तपासून घ्या. दोन्ही कागद एकत्र करून गाडीच्या कंपनीला पाठवले. उत्तर आलं, "आपली तक्रार संबंधित डीलरकडे पाठवली आहे." म्हणजे ज्याने फसवलं त्याच्याचकडे! डीलरने 'ग्राहकाचे समाधान झाले' असा शेरा मारून ती बंद केली. पुन्हा उघडायला सांगितलं तर नवा क्रमांक, नवा माणूस, पहिल्यापासून सगळी कहाणी. ग्राहक तक्रार विभागाने सांगितलं, बाब तांत्रिक आहे, तज्ज्ञाचा अहवाल आणा. वायरमनचा अहवाल नेला तर म्हणे अधिकृत वर्कशॉपचा हवा. आरोपीकडून त्याच्याच विरुद्धचा दाखला आणायचा? हे लोक बसले आहेत कशासाठी?

म्हणून भांडण काउंटरवरच करा. जॉबकार्डवर 'बॅटरी वीक' असं लिहू देऊ नका. 'गाडी उभी असताना बॅटरी उतरते, स्लीप करंट मोजून आकडा लेखी द्यावा' असं लिहायला लावा. टेस्टरची पावती स्वतःच्या हातात घ्या, तिच्यावरचं रेटिंग आणि मानक लेबलशी ताडा. 'फ्री रिप्लेसमेंट' मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी बहुधा पहिल्या बॅटरीच्या खरेदीपासूनच मोजतात, कार्डावरची तारीख बघा. जंप स्टार्टचा काळा क्लॅम्प निगेटिव्ह टर्मिनलवरच्या सेन्सरला नको, इंजिनच्या किंवा बॉडीच्या अर्थिंगला लावा. सेन्सर बिघडला की पुढचं बिल त्याचं येतं.