गावातून हायवे गेलाय, मग ओलांडायला काय मागायचं? पूल, भुयार की सिग्नल?

चौपदरीवर पहिला अपघात झाला की ग्रामसभेत एकच आवाज, पादचारी पूल द्या. मी पण आधी तेच म्हणायचो. पण हिशोब करून बघा, खालून ट्रक जायला ५.५ मीटर उंची मोकळी सोडावी लागते, वर गर्डरची जाडी धरली की ६ मीटर चढायचं, म्हणजे ४० पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली, आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई हे रोज करेल असं कुणाला वाटत असेल तर धन्य आहे. ती दुभाजकातल्या कण्हेरीतूनच वाट काढणार. रॅम्प मागाल तर १:१२ च्या उताराने, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर चालायचं, एकेका बाजूला ७२ मीटर लांबी लागते, जागा कोण देणार?

भुयाराला माणसापुरती अडीच-तीन मीटर उंची बास, चढ निम्म्यावर येतो, सायकल, गुरं पण जातात. रस्ता भरावावर असेल तर डोळे झाकून हेच मागा, सरळ सपाट चालत पलीकडे. सपाटीवर खणलेलं भुयार मात्र जुलैत तळं होतं आणि लाईट गेली की संध्याकाळी पोरी तिकडे फिरकत नाहीत.

आता जमिनीवरून. नुसते झेब्रा पट्टे मारणं सगळ्यात वाईट, पोरं त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि ड्रायव्हर बघत पण नाही. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर येते. दुभाजक धरून १८ मीटर ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला १८ सेकंद, तेवढ्यात गाडी ४०० मीटर येऊन पोचते! तेच मध्ये उभं राहायला नीट जागा असेल तर एका वेळी ७ मीटर, ७ सेकंद, गाडी दीडशेक मीटर. म्हणून दुभाजकात रेलिंगवाला थांबा हवा, आणि त्यात वाट डावीकडे वळवलेली, म्हणजे पुढच्या लेनची गाडी तोंडासमोरून येताना दिसते. कण्हेर तिथे गुडघ्याच्या वर नको. पण हे सगळं आधी स्पीड ४० वर आणला तरच, रंबल पट्ट्या (गाडीला हादरे देणाऱ्या) आणि उंचवटा घालून, कारण ८० चा ४० झाला की धडकेचा जोर चौथाई होतो. सिग्नलही त्यानंतरच, सुसाट रस्त्यावर अचानक लाल दिवा लागला तर मागचा ट्रक थांबत नसतो.

ठराव लिहायच्या आधी बाजाराच्या दिवशी आणि शाळा सुटताना तिथे उभं राहून लोक नेमके कुठून ओलांडतात ते बघा, भुयार काय नि थांबा काय, तिथेच मागा, २०० मीटर पुढे दिलेलं कुणी वापरत नाही.