पिकलबॉल डबल्स: फटका मारावा की चेंडू मऊ सोडावा?

डबल्समधला पहिला खरा निर्णय तिसऱ्या फटक्याला येतो. सर्व्हिस झाली, रिटर्न आला, आणि दोन टप्प्यांच्या नियमामुळे तो चेंडू टप्पा पडल्यावरच खेळावा लागतो. तोवर समोरची जोडी बहुधा किचनच्या (नेटलगतचा पट्टा, जिथे उभं राहून चेंडू हवेतच मारता येत नाही) रेषेवर, नेटपासून ७ फुटांवर पोचलेली असते. तुम्ही मात्र नेटपासून २२ फूट मागे, बेसलाइनला. इथे ड्राइव्ह (जोरदार, सपाट फटका) की ड्रॉप (किचनमध्ये मऊ उतरणारा फटका)?

रिटर्न खोल आला आणि वजन मागच्या पायावर गेलं, तर ड्रॉपच. चेंडू किचनमध्ये नीट उतरला की समोरच्याला तो खालून वर उचलावा लागतो आणि तुम्हा दोघांना पुढे सरकायला वेळ मिळतो. रिटर्न आखूड आणि उंच आला, तर ड्राइव्ह. रिटर्न मारणारा अजून धावत पुढे येत असेल, तर त्याच्याच अंगावर मारा. पण ड्राइव्हवर लगेच रॅली संपेल असं धरून चालू नका. घाईत केलेला, अर्धवट ब्लॉक परत येतो आणि पाचव्या फटक्याला ड्रॉप टाकणं सोपं जातं, हाच त्याचा मोठा फायदा.

किचनच्या रेषेवर चौघंही आले की मी फक्त चेंडूची उंची बघायला सांगेन. नेट मधोमध ३४ इंच, कडेला ३६. चेंडू त्याच्या खाली असताना जोर लावला, तर तो नेटमध्ये तरी जातो किंवा वर चढत समोरच्याच्या पॅडलवर तरी. दोन्ही रेषांत अंतर जेमतेम १४ फूट. परतलेला फटका सावरायला वेळच उरत नाही. म्हणून गुडघ्याजवळच्या चेंडूला डिंकच (नेटवरून समोरच्या किचनमध्ये अलगद सोडलेला फटका) करावा, तोही तिरका: अंतर जास्त मिळतं आणि नेटचा कमी उंचीचा मधला भाग वाटेत येतो. नेटच्या वर, शरीरापुढे आणि तोल सावरलेला असताना चेंडू मिळाला, तर मात्र सोडू नका. पॅडलच्या हाताकडचा खांदा किंवा कंबर हे उत्तम लक्ष्य. तिथे कोपर अडकतं.

बॅडमिंटनमधून आलेल्यांना हा संयम जड जातो. कोर्ट तेच, २० बाय ४४ फूट, पण तिथल्या ५ फुटी नेटवरची स्मॅशची सवय इथे महागात पडते.

कोर्टाच्या मधोमध अडकलात आणि पायाशी वेगवान चेंडू आला, तर रिसेट: पकड सैल, पॅडल जवळजवळ स्थिर, चेंडूचा वेग शोषून तो किचनमध्ये सोडायचा. सरावाला अर्धाच तास असेल, तर तो मी स्मॅशला नाही, रिसेटला देईन. हरत चाललेली रॅली परत बरोबरीत आणणारा दुसरा फटका या खेळात जवळजवळ नाहीच.

गुणपद्धतीही हिशेबात धरा. पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीला मिळतो. सर्व्हिस तुमची असताना धाडस फसलं तर सर्व्हिस जाते, गुण जात नाही. रिटर्न करताना फसलं तर सरळ गुण जातो. त्यामुळे मारू की नको अशी शंका वाटणारा चेंडू सर्व्हिस आपली असताना मारून बघावा, समोरच्याची असताना डिंक करावा. रॅली स्कोअरिंगमध्ये (सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली जिंकणाऱ्याला गुण) मात्र ही सवलत नाही.

वाऱ्याच्या दिशेने मारलेला ड्राइव्ह बाहेर जातो, समोरून वारा असेल तर तोच आत पडतो. सिंगल्समध्ये कोर्ट बरंच मोकळं असतं, तिथे ड्राइव्हला झुकतं माप द्यायला माझी हरकत नाही.