बोअरच्या मोटरचा केबल जॉइंट: पाण्याखाली कोणती गुंडाळी टिकते

सबमर्सिबल मोटरच्या डोक्यातून निघालेली केबल दोन-तीन मीटरचीच असते. तिथून वर स्टार्टरपर्यंतची केबल आपण जोडतो, आणि हा जोड बोअरच्या आत, पाण्याखाली राहतो. मोटर, पंप, पाईप, केबल यांवर हजारो रुपये घालून झाल्यावर सगळ्यात कमी लक्ष जातं ते या वीतभर जोडाकडे. मोटर 'शॉर्ट झाली' म्हणून बाहेर काढली, वाइंडिंग उघडून पाहिलं तर ते ठणठणीत, आणि पाणी भरलेलं जोडात, असं पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून या जोडावर काय गुंडाळायचं, यासाठी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंचा हा परखड आढावा: पीव्हीसी टेप, स्वतःच चिकटणारी रबर टेप, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून बसणारी नळी) आणि रेझिनचं किट.

आधी पाणी आत शिरतं कसं ते पाहू, कारण पुढचा सगळा निकाल त्यावरच आहे. पाण्याच्या पातळीखाली दर १० मीटरला साधारण १ किलो प्रति चौ. सेंमी दाब वाढतो. जोड ६० मीटर पाण्याखाली असेल तर त्याच्यावर ६ किलोचा दाब चोवीस तास असतो. दुसरं म्हणजे जोड श्वास घेतो. मोटर चालू असताना तांबं तापतं आणि फुगतं. वीज गेली की ते गार होऊन आकसतं, आणि गुंडाळीत कुठेही पोकळी असली तर तिथे पाणी ओढलं जातं. शेतीची वीज पाळीने येते-जाते, तिथे हे रोजच होतं. त्यात व्होल्टेज कमी असलं तर मोटर जास्त करंट ओढते आणि जोड आणखी तापतो. थोडक्यात, पाण्याखालच्या गुंडाळीत पोकळी राहता कामा नये आणि तिचे थर एकजीव व्हायला हवेत. थ्री-फेज मोटरचे ४१५ व्होल्ट अडवणं हे त्या मानाने सोपं काम आहे.

पीव्हीसी टेप ही जिला दुकानात कोणत्याही कंपनीची असली तरी 'स्टीलग्रिप द्या' म्हणून मागतात ती. रुंदी १८ मिमीच्या आसपास, जाडी बहुतेकींची ०.१२५ मिमी. घरातल्या कोरड्या वायरिंगला, फेजचा रंग दाखवायला, केबल पाईपला बांधायला उत्तम वस्तू. पाण्याखाली मात्र एकटी नापास. तिचा एक थर दुसऱ्याला फक्त गोंदाने धरून असतो, थर एकमेकांत मिसळत नाहीत. वेढ्यांच्या कडेकडेने बारीक गोल जिन्यासारखी वाट राहते आणि दाबाखालचं पाणी त्या जिन्याने आत उतरतं. पंधरा वेढे मारले काय आणि पन्नास मारले काय, जिना लांब होतो, बंद होत नाही. उन्हात गाडीच्या डिकीत पडलेला रोल असेल तर गोंद कडेला पाझरलेला असतो, तो रोल कोरड्या कामालाही घेऊ नये.

सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची जुनी रीत आहे. ताण चांगला बसतो, पण ट्यूबचं रबर आधीच पक्कं झालेलं असतं, ते स्वतःला चिकटत नाही. एपॉक्सीची लुगदी थापायची दुसरी रीत त्याहून वाईट. ती दगडासारखी कडक होते, केबल वाकली की पीव्हीसीपासून सुटते, आणि त्या केसाएवढ्या फटीतून काम तमाम होतं.

या कामाची खरी वस्तू म्हणजे रबर टेप. इथे थ्रीएमची स्कॉच २३ नमुना म्हणून घेतली आहे, कारण ती मोठ्या इलेक्ट्रिकल दुकानांत मिळते आणि तिची मापं पक्की आहेत. इथिलीन प्रॉपिलीन रबराची ही पट्टी १९ मिमी रुंद, ०.७६ मिमी जाड, रोल ९.१ मीटरचा. ९० अंश सेल्सिअस सतत सोसते, ओव्हरलोडमध्ये १३० पर्यंत. ६९,००० व्होल्टपर्यंतच्या केबलच्या जोडांना ती चालते, म्हणजे आपल्या मोटरसाठी व्होल्टेजचा प्रश्नच नाही. तिला गोंद नसतो. पट्टी पट्टीवर ताणून बसली की काही वेळात दोन्हीचं रबर एक होतं. आत प्लास्टिकचं अस्तर असतं, ते सोलत सोलत टेप मारायची. शेतात वारा असला की हे अस्तर हाताला गुंडाळतं आणि माती उचलतं. त्याच कंपनीच्या १३०सी या टेपला अस्तर नसतं, म्हणून उघड्यावर ती जास्त सोयीची.

रोल घेताना दुकानातच पारखता येतो. चार बोटं लांब तुकडा ताणून पेन्सिलीवर एकावर एक पाच-सहा वेढे घ्या आणि अर्धा तास ठेवा. मग ब्लेडने आडवा छेद द्या. कापलेल्या तोंडावर थरांच्या रेघा दिसता कामा नयेत, एकसंध काळं रबर दिसलं पाहिजे. थर नखाने सुटत असतील किंवा पट्टी ताणताना कडेला बारीक भेगा पडत असतील तर रोल जुना किंवा नकली.

आता जोड. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. २.५ स्क्वेअर एमएमच्या तीन कोअरच्या (आवरणाच्या आत इन्सुलेशन असलेल्या तीन तारांच्या) चपट्या केबलचं माप धरलं आहे. दोन्ही बाजूंचं वरचं आवरण १७ सेंमी सोला. ब्लेड खोल घालू नका, आतल्या कोअरवर चरा पडला तर ती जागा कापून टाकून पुन्हा सुरुवात करा. मग तिन्ही कोअर एकाच ठिकाणी जोडायच्या नाहीत. मोटरकडची लाल १७ सेंमी, पिवळी ११, निळी ५ ठेवा, आणि वरच्या केबलची उलट: लाल ५, पिवळी ११, निळी १७. तीन जोड पायरीने येतात, गाठ जाड होत नाही आणि एका जोडात पाणी शिरलं तरी शेजारी लगेच दुसरा फेज नसतो.

तांब्याच्या जॉइंटरच्या नळीत दोन्ही टोकं घाला आणि क्रिंपिंग पक्कडीने प्रत्येक बाजूला दोन दाब द्या. एक दाब देऊन भागत नाही, ओढून पाहा. पीळ देऊन जोडायचंच असेल तर सोल्डर हवंच, आणि तारेचं एकही टोक वर उभं राहता कामा नये. असं एक टोक रबर टेपला आतून सुईसारखं भोसकतं. नळीच्या कडा कानशीने मोडा. मग सगळ्या कोअर आणि दोन्हीकडच्या आवरणाचे ५ सेंमी कोरड्या कापडाने पुसा, पॉलिश पेपरने हलके खरडा, पुन्हा पुसा. डिझेल, ग्रीस, पंपाचं ऑइल लागलेल्या हाताने रबर टेपला शिवायचं नाही. तेलाने हे रबर फुगतं आणि थर एकजीव होत नाहीत.

ताण हाच या टेपचा प्राण आहे. १९ मिमीची पट्टी ताणल्यावर साधारण १४ मिमी रुंद दिसली पाहिजे. तेवढी अरुंद झाली की जाडीही अर्ध्या मिलिमीटरवर येते आणि रबर आतल्या बाजूला सतत आवळत राहतं. ढिली मारलेली टेप एकजीव होतच नाही, ती नुसती बसलेली असते. सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे कोअरचं इन्सुलेशन संपतं आणि नळी सुरू होते ती खाच, आणि पक्कडीच्या दाबाने नळीला पडलेले खळगे. तिथे आधी टेपची छोटी पट्टी तुटायला येईल इतकी ताणून भरा, नळी आणि इन्सुलेशन एका उंचीवर आणा. मग इन्सुलेशनवर ३ सेंमी आधी सुरुवात करून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत पलीकडे ३ सेंमीपर्यंत जा आणि तसेच परत या. जाऊन-येऊन चार थर होतात, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास भरते. मूळ इन्सुलेशनच्या दीडपट जाडी पुरते, इथे ती सहज ओलांडली जाते.

तिन्ही कोअर झाल्या की त्यांच्यामधल्या चरी भरायच्या. हीच पायरी घाईत गाळली जाते. चपट्या केबलवर वरून नुसती टेप गुंडाळली तर ती कोअरच्या माथ्यांवरून तंबूसारखी ताणली जाते आणि खाली चरींमध्ये लांबच लांब पोकळ्या राहतात. रबर टेपच्या पट्ट्या उभ्या घालून चरी भरा, बोटांनी दाबा, मग एका आवरणावर ५ सेंमी आधीपासून दुसऱ्या आवरणावर ५ सेंमीपर्यंत, म्हणजे साधारण ३२ सेंमी, पुन्हा अर्धा वेढा चढवत जाऊन-येऊन गुंडाळा. पाणी कोअरवरून कमी आणि आवरणाच्या खालून जास्त शिरतं, म्हणून हे पाच-पाच सेंमी कमी करू नका.

आणि आता पीव्हीसी टेपची पाळी. रबर मऊ असतं, पाईपच्या कपलिंगवर किंवा बोअरच्या दगडावर घासलं की फाटतं. त्यावर पीव्हीसीचे दोन थर ताणून मारा, फक्त शेवटचा एक-दीड वेढा ताण न देता ठेवा आणि टोक कात्रीने कापा. ओढून तोडलेलं टोक परत आकसतं आणि शेपटीसारखं सुटून येतं.

इतकं सगळं केल्यावर एका जोडाला रबर टेप साडेतीन ते चार मीटर लागते. ९.१ मीटरच्या रोलमध्ये दोन जोड होतात. 'एका रोलमध्ये पाच जोड काढतो' असं कोणी सांगितलं तर समजा की चरी भरलेल्या नाहीत किंवा टेप एकेरी आहे. रोलची किंमत पीव्हीसीच्या कितीतरी पट आहे हे खरं, पण मोटर एकदा वर काढायला घोडा (बोअरवर उभा करायचा सांगाडा), चेन कुप्पी (साखळीची कप्पी) आणि चार माणसं लागतात, त्यापुढे ती काहीच नाही.

हीट श्रिंक स्लीव्ह ही दुसऱ्या क्रमांकाची वस्तू, आणि वर्कशॉपमध्ये टेबलावर काम असेल तर रबर टेपच्या तोडीची. अट एकच: आतून गोंदाचा थर असलेली, ३:१ ची, म्हणजे आकसून एक तृतीयांश होणारी हवी. पॅनेलमध्ये वापरतात ती पातळ, बिनगोंदाची स्लीव्ह पाण्याखाली पीव्हीसी टेपइतकीच निकामी. स्लीव्ह क्रिंपिंगच्या आधी कोअरवर सरकवून ठेवावी लागते, विसरली तर जोड कापावा लागतो. गरम करताना मधून सुरुवात करून कडांकडे जा, म्हणजे हवा बाहेर निघते. दोन्ही तोंडांना वितळलेल्या गोंदाचं बारीक कडं दिसलं की काम झालं. लायटरने एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते, हॉट एअर गनच हवी, आणि शेतात नेमकी वीज बंद असते. शिवाय बाहेरची मोठी स्लीव्ह चपट्या केबलला दोन्ही कडांना नीट आवळत नाही. कोअरवर स्लीव्ह आणि बाहेरून रबर टेप, ही मिश्र रीत मात्र फार चांगली.

रेझिनचं किट म्हणजे दोन द्रव मिसळून साच्यात ओतायचे, घट्ट झालं की जोड ठोकळ्यात बंद. पाणी अडवण्यात याला तोड नाही. अडचण जागेची. सहा इंची बोअरमध्ये त्याच मापाचा व्ही-६ पंप बसल्यावर कडेला बोटभरही जागा उरत नाही, तिथे ठोकळा अडकतो. थंडीत घट्ट व्हायला वेळ जास्त लागतो आणि माणसं घोड्याजवळ खोळंबतात. मोठ्या विहिरीतल्या मोटरला घ्या, बोअरला नको.

कोणतीही गुंडाळी असो, मेगर (इन्सुलेशनचा रोध मेगाओममध्ये मोजणारं यंत्र) लावल्याशिवाय खाली सोडू नये. मोटर जोडण्याआधी केबलच्याच दोन तुकड्यांचा जोड तपासता आला तर उत्तम. जोड मीठ टाकलेल्या पाण्याच्या बादलीत तासभर बुडवा, दोन्ही टोकं बाहेर आणि मोकळी ठेवा. ५०० व्होल्टच्या मेगरची एक क्लिप कोअरला, दुसरी पाण्यात. काटा १०० मेगाओमच्या वरच राहायला हवा आणि मिनिटभरात खाली सरकता कामा नये. हळूहळू सरकणारा काटा म्हणजे पाणी वाट शोधतंय. नुसत्या सिरीज लॅम्पने (तारेच्या ओळीत दिवा लावून पाहण्याने) हे कळत नाही, दिवा लागेपर्यंत जोड पूर्ण गेलेला असतो. नवी मोटर आणि नवी केबल बोअरमध्ये पूर्ण उतरल्यावर वाचन २ मेगाओमच्या खाली आलं, तर स्टार्टर न लावता ती वर घ्या.

जोड पंपाच्या अंगावर येऊ देऊ नका, केबल गार्डमधून बाहेर पडल्यावर, पाईपाच्या बाजूला, दोन कपलिंगच्या मधोमध ठेवा. त्याच्या वर आणि खाली एकेक वीतभर अंतरावर केबल पाईपला बांधा, म्हणजे केबलचं वजन जोडावर लटकत नाही, आणि पुढे दर तीन मीटरला बांधत जा. फेज उलटे जोडले गेले म्हणून पाणी कमी आलं तर जोड उघडायची गरज नाही, स्टार्टरमध्ये कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की मोटर सुलट फिरते.