एलडीएससी: काही महिने रोज वापरल्यानंतर

मनोविकारांच्या आनुवंशिकतेवर काम करताना गेले काही महिने एलडी स्कोअर रिग्रेशन, म्हणजे एलडीएससी, जवळजवळ रोज वापरतेय. आजारामागे जनुकांचा वाटा किती, हे अंदाजायची ही संख्याशास्त्रीय पद्धत. 2015 साली आलेली ही पद्धत आजही पहिल्यांदा हिलाच हात घालावा अशी आहे.

कुणाचाही वैयक्तिक जनुकीय डेटा लागत नाही, जीडब्ल्यूएएसचे (पूर्ण जनुकसंचात आजाराशी जोडलेले बदल शोधणाऱ्या अभ्यासांचे) समरी स्टॅटिस्टिक्स, म्हणजे प्रत्येक बदलाचे एकत्रित आकडे, पुरतात. साध्या लॅपटॉपवर उत्तर मिळतं. पण मला खरी आवडली ती तिची इंटरसेप्ट, म्हणजे रिग्रेशनची रेषा जिथून सुरू होते तो आकडा. आजार हजारो बारीक परिणामांनी घडत असेल, तर ज्या एसएनपीचे (डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाचे) जोडलेले शेजारी जास्त, म्हणजे एलडी स्कोअर जास्त, त्याचा काय-स्क्वेअरही (आजाराशी संबंध किती ठळक याचा आकडा) सरासरीने जास्त येतो. नमुन्यात वेगवेगळे वंशगट मिसळल्यामुळे काय-स्क्वेअरला आलेली सूज मात्र शेजारी बघत नाही. ती इंटरसेप्टमध्ये जाते, आनुवंशिकता उतारात राहते.

स्किझोफ्रेनियात जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकता 80 टक्क्यांच्या आसपास येते. 2022 च्या मोठ्या अभ्यासात, ज्यात 287 लोकाय (जनुकसंचातल्या आजाराशी जोडलेल्या जागा) सापडले, एसएनपींवरून ती सुमारे 24 टक्के निघाली. हा आकडा पाहून टूलवर शंका घेऊ नका. त्यात फक्त सर्रास आढळणारे बदल मोजले जातात, दुर्मीळ बदल त्यात येतच नाहीत.

सगळ्यात जपून वाचायचा आकडा म्हणजे जनुकीय सहसंबंध, दोन आजारांवरचे जनुकीय परिणाम किती जुळतात तो. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्यात तो 0.7 च्या आसपास येतो. दोन अभ्यासांत कंट्रोल्स (आजार नसलेले सहभागी) तेच असले तरी अंदाज बिघडत नाही, ही मोठी सोय. पण निदानात झालेली अदलाबदल किंवा एका आजाराच्या व्यक्तीने दुसऱ्या आजाराचा जोडीदार निवडणं, यानेही हा आकडा फुगतो आणि टूल त्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘दोन्ही आजारांचं मूळ एकच’ असं त्यावरून लिहिणारे पेपर वाचले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण रुग्णांपर्यंत तेच पोचतं.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. मूळ कोड पायथन 2 चा, त्यामुळे संगणकावर त्याच्यासाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट करावं लागतं. केस-कंट्रोलमध्ये (रुग्ण आणि निरोगी यांच्या तुलनेत) लायेबिलिटी स्केलसाठी, म्हणजे आजाराच्या मूळ कलाच्या मापावर आनुवंशिकता आणण्यासाठी, लोकसंख्येतलं आजाराचं प्रमाण स्वतः द्यायचं असतं. ते चुकलं की आनुवंशिकताही चुकते. अनेक कोहॉर्ट्सचं (वेगवेगळ्या नमुना-गटांचं) मेटा-ॲनालिसिस असेल, तर एकूण नमुन्याऐवजी प्रत्येक कोहॉर्टचा इफेक्टिव्ह एन (केसेस आणि कंट्रोल्स समान असते तर तितकीच माहिती देणारा नमुना-आकार) काढून त्यांची बेरीज घ्या आणि नमुन्यातलं केसेसचं प्रमाण 0.5 द्या.

तयार मिळणारे नेहमीचे एलडी स्कोअर युरोपीय वंशाच्या नमुन्यांवरचे आहेत. तुमचा डेटा दुसऱ्या वंशाचा असेल तर जुळणारे स्कोअर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मिश्र वंशाच्या नमुन्यांत तर मी ही पद्धत सध्या वापरतच नाही.